भावोजींच्या नावावर पिस्तूल

प्रिय ताई,

आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो. नवरा नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर, मी त्याच्या बायकोच्या नात्याने एच-फोरवर, मुलगी सहा वर्षांची. गेल्या महिन्यात आमच्याच कॉलनीत दोन देशी घरं फोडली. दोन्हीकडे सोनं तेवढं नेलं, टीव्ही-लॅपटॉपला हातही लावला नाही. तेव्हापासून नवऱ्याने पिस्तुलाचं मनावर घेतलंय. त्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे म्हणतात, "सुप्रीम कोर्टाने फेडरल बंदूक कायदे घटनाबाह्य ठरवलेत, आणि टेक्सासमध्ये तर परवानाच लागत नाही." एकाने सांगितलं, शिकारीचं लायसन्स काढ, व्हिसावाल्यांनाही मिळते बंदूक. माझे मोठे दीर ह्यूस्टनला ग्रीन कार्डवर आहेत. ते म्हणतात, "एवढा विचार कशाला, मी माझ्या नावावर घेतो, तुमच्याकडे ठेवा." नवरा मध्यंतरी ऑफिसच्या टीमबरोबर शूटिंग रेंजवर जाऊन आला, त्यामुळे हातात आत्मविश्वास आलाय. मी काही बोलले की म्हणतो, तुला घटनेतलं काय कळतं! खरंच कायदे रद्द झालेत का? (मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.)

ता. क. दिवाळीला सासूबाई सहा महिन्यांसाठी येतायत, त्यांच्या पाटल्या-बांगड्यांसकट.

— झोप उडालेली, फ्रिस्को

अगं,

आधी उत्तर देते, कारणं मग. भावोजींना आज संध्याकाळी फोन कर आणि सांग, पिस्तूल घेऊ नका. नवऱ्याला सांग की रेंजवर पुन्हा जाऊ नको. शिकारीच्या लायसन्सची गोष्ट अर्धी खरी आहे, त्या अर्ध्याबद्दल खाली सविस्तर लिहिते. आणि नाही, कायदे रद्द झालेले नाहीत. काही कायद्यांना कोर्टात आव्हान आहे, काहींना तडे गेलेत, पण तुमच्या घराला लागू असलेलं कलम आज जसंच्या तसं उभं आहे.

मी वकील नाही. न्यू जर्सीत एका इमिग्रेशन वकिलाच्या हाताखाली बावीस वर्षं लोकांच्या फायली लावल्या. त्या फायलींमधून एवढं कळलं की, माणसं कायदा मोडायला सहसा निघत नाहीत, ऐकीव माहितीवर विश्वास ठेवायला निघतात.

तुझ्या नवऱ्याची गफलत कुठे होतेय ते मला चांगलं कळतं, कारण माझीही झाली असती. कुडाळकडे आमच्या आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर, वानर आणि रानडुकरं हाकायला. निवडणूक लागली की आजोबा ती खांद्यावर टाकून पोलीस ठाण्यात जमा करून यायचे आणि पावती देवघरात गणपतीच्या तसबिरीमागे खोचून ठेवायचे. आपल्या डोक्यात बंदूक म्हणजे सरकारची मेहेरबानी. परवाना आहे तोवर आहे, नाही तर नाही. मग माणूस अमेरिकेत येतो आणि ऐकतो की इथे तो हक्क आहे, तोही घटनेतला, आणि त्याला वाटतं, दार सताड उघडं आहे. दार उघडं आहे हे खरंच, पण कोणासाठी, हे त्याच दारावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

ती बारीक अक्षरं १९६८च्या गन कंट्रोल अॅक्ट या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्यात आहेत. कोणी बंदूक जवळ बाळगायची नाही याची त्यात एक यादी आहे: गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेले, फरारी, अमली पदार्थ घेणारे, घरगुती हिंसाचारापोटी कोर्टाचा संरक्षण आदेश ज्यांच्यावर आहे ते, आणखी काही. इमिग्रेशनवाल्यांसाठी त्यात दोन खोल्या आहेत. एकीत बेकायदा राहणारे. दुसरीत तुम्ही, म्हणजे नॉन-इमिग्रंट व्हिसावर कायदेशीर आलेले: एच-वन-बी, एच-फोर, विद्यार्थ्यांचा एफ-वन, कंपनीच्या बदलीवरचा एल-वन, पर्यटकांचा बी-टू, सगळे. ही दुसरी खोली १९९८ साली बांधली. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १९९७मध्ये, पर्यटक व्हिसावर आलेल्या एका वयस्क माणसाने फ्लोरिडात पिस्तूल विकत घेतलं, न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या गच्चीवर नेलं आणि लोकांवर गोळ्या झाडल्या. त्यात एकाचा जीव गेला, मग त्याने स्वतःवर गोळी झाडली. पाहुणा म्हणून आलेला माणूस दुकानात जाऊन पिस्तूल घेतो कसा, या प्रश्नातून हे कलम आलं.

शिक्षा पूर्वी जास्तीत जास्त दहा वर्षं होती. २०२२ साली ती पंधरा केली.

"टेक्सासमध्ये परवाना लागत नाही" हेही अर्धवट. १ सप्टेंबर २०२१पासून टेक्सासने पिस्तूल जवळ घेऊन फिरायला परवान्याची अट काढली, पण ज्याला मुळात बंदूक बाळगता येते त्याच्यासाठी. राज्याने आपलं कुलूप काढलं म्हणून फेडरल सरकारचं निघत नाही. एका दाराला दोन कुलपं, दोन वेगळे मालक. तुझ्या नवऱ्याच्या ग्रुपमधले बरेच जण सिटिझन झालेले असणार, त्यांच्यापुरतं ते म्हणतात ते बरोबर असेल.

आता घटनेचं. नवरा म्हणतो ना तुला काय कळतं, तर हे त्याला वाचून दाखव.

दुसरी घटनादुरुस्ती १७९१ची, मूळ इंग्रजीत सगळी मिळून सत्तावीस शब्दांची. त्या सत्तावीस शब्दांवर दोनशे वर्षं सुप्रीम कोर्ट फारसं बोललंच नाही. २००८ साली हेलर खटल्यात पहिल्यांदा पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं की, हा हक्क एकट्यादुकट्या नागरिकाचा आहे, फक्त लष्करी दलाचा नाही. डिक हेलर वॉशिंग्टनमध्ये सुरक्षारक्षक होता. कामावर त्याच्या कमरेला पिस्तूल असायचं, घरी मात्र तसलंच पिस्तूल ठेवायला शहराची बंदी होती, १९७६पासून. ही विसंगती कोणाच्याही डोळ्यात भरेल अशी. २०१०मध्ये तेच तत्त्व राज्यांना लावलं. २०२२मध्ये ब्रूएन खटल्यात न्यूयॉर्कचा, पिस्तूल घेऊन फिरायला खास कारण दाखवायला लावणारा, शंभर वर्षांहून जुना नियम मोडीत काढला आणि न्यायाधीशांच्या हातात नवी मोजपट्टी दिली. ती अशी: सरकारला बंदुकीवर निर्बंध घालायचा असेल तर "लोकांच्या सुरक्षेसाठी गरजेचा आहे" एवढं म्हणून भागणार नाही, देशाच्या जुन्या परंपरेत तसल्या निर्बंधाचा दाखला दाखवावा लागेल.

त्या एका निकालाने सगळीकडे धुरळा उडाला. प्रत्येक आरोपीचा वकील उठून म्हणायला लागला, १७९१मध्ये असा कायदा होता का, दाखवा. खालच्या कोर्टांतले न्यायाधीश जुन्या वसाहतींचे कायदे चाळत बसले. आपल्याकडे वतनाच्या भांडणात मोडीतले कागद काढायचे, तसलाच प्रकार. ग्रुपवर फिरणारे मेसेज या धुरळ्यातले आहेत. त्यातला एखादा मेसेज खरा असतो, पण दोन वर्षं जुना, आणि मधल्या काळात वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवलेला असतो.

तुमच्या शेजारचंच उदाहरण घे. आर्लिंग्टन माहितीये ना, अर्ध्या-पाऊण तासावर? डिसेंबर २०१९मध्ये तिथल्या एका पार्किंग लॉटमध्ये झॅकी रहीमी नावाच्या माणसाने आपल्या मैत्रिणीला मारहाण केली. वर गोळीही झाडली. पुढे कोर्टाने तिच्या संरक्षणाचा आदेश काढला आणि त्या आदेशाखाली त्याला बंदूक बाळगायला मनाई झाली. याने मात्र गोळीबाराचे उद्योग चालूच ठेवले. एकदा तर मित्राचं क्रेडिट कार्ड हॉटेलात चाललं नाही म्हणून हवेत गोळ्या. पोलिसांनी घर झडतीला घेतलं तेव्हा बंदुका सापडल्या, आणि शेजारी तो आदेशाचा कागदही. त्याने फेडरल कायद्यालाच आव्हान दिलं. टेक्सास ज्या अपील कोर्टाखाली येतं त्या फिफ्थ सर्किटने फेब्रुवारी २०२३मध्ये ते मान्य केलं: १७९१मध्ये असला कायदा नव्हता, सबब घटनाबाह्य. तेव्हा तुझ्या नवऱ्याच्या ग्रुपमध्ये नक्की कोणीतरी लिहिलं असेल, "फेडरल कायदा उडाला."

२१ जून २०२४ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल आठ विरुद्ध एक मतांनी फिरवला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं की, जुन्या कायद्याची हुबेहूब जुळी बहीण शोधायची नाहीये, मागचं तत्त्व जुळलं की पुरे. धमकावणाऱ्याकडून जामीन घेण्याचे कायदे तेव्हाही होतेच. एकटे न्यायमूर्ती थॉमस विरोधात, आणि गंमत म्हणजे ब्रूएनची मोजपट्टी त्यांनीच लिहिलेली.

या सगळ्यात रहीमीचं काय झालं? सहा वर्षांहून अधिक कैद. फिफ्थ सर्किटमध्ये जिंकला तेव्हाही तो आरोपीच होता.

मला खरं सांगायचंय ते हे. या खटल्यांची नावं आपण पुस्तकातल्या धड्यांसारखी घेतो, पण ती माणसांची आडनावं आहेत, आणि हेलरसारखे स्वतःहून कोर्टात गेलेले सोडले तर बरीचशी पिंजऱ्यात उभ्या असलेल्या आरोपींची. पहिला मोठा खटला मिलरचा. १९३४च्या कायद्याने आखूड नळीच्या बंदुकांची नोंदणी सक्तीची केली होती. जॅक मिलर तसली बंदूक घेऊन ओक्लाहोमातून आर्कान्सात गेला आणि पकडला गेला. खालच्या न्यायाधीशाने कायदा घटनाबाह्य ठरवून त्याला सोडलं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. तिथे मिलरच्या बाजूने बोलायला एकही वकील उभा राहिला नाही. मे १९३९मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला, तोवर मिलर महिनाभर आधीच गोळ्या लागून मेलेला होता. पुढची जवळजवळ सत्तर वर्षं अमेरिकेतला बंदूक कायदा त्या मेलेल्या माणसाच्या नावाने ओळखला गेला.

किंवा सॅन अँटोनिओचा लोपेझ. १९९२, बारावीतला पोरगा, शाळेत पॉइंट अडतीसचं रिव्हॉल्व्हर आणि पाच गोळ्या घेऊन आला. शाळेच्या आवारात बंदूक नेण्याविरुद्धचा फेडरल कायदा १९९०चा. १९९५मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच-चारने तो उडवला, तेही दुसऱ्या घटनादुरुस्तीचं नाव न घेता. शाळेतल्या बंदुकीचा राज्याराज्यांतल्या व्यापाराशी काय संबंध, आणि संबंध नसेल तर केंद्राला हा कायदा करायचा अधिकारच काय, असा मुद्दा. मोठा निकाल, कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही पाठ असतो. पण पुढच्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तोच कायदा, "राज्याराज्यांतल्या व्यापारातून आलेली बंदूक" असे शब्द घालून, परत आणला. आता बंदूक कुठल्या ना कुठल्या राज्यातून येतेच. म्हणजे कायदा रद्द झाल्याची बातमी खरी, आणि तुझ्या मुलीच्या शाळेभोवती हजार फुटांत तो आज लागू आहे हेही खरं.

ग्रुपवर आणखी दोन गोष्टींची हमखास खिचडी होते. बम्प स्टॉक, म्हणजे साध्या रायफलीतून मशिनगनसारखी फैर झाडायचं उपकरण, त्यावरची बंदी जून २०२४मध्ये उडाली. आणि घरी जोडायच्या बिननंबरी बंदुकांवरचा नियम मार्च २०२५मध्ये टिकला. दोन्ही निकालांत घटनेचा प्रश्नच नव्हता. बंदुकांचे नियम सांभाळणाऱ्या एटीएफ या केंद्रीय खात्याने कायद्याच्या शब्दांपलीकडे जाऊन नियम केला का, एवढाच वाद. तुमच्याशी दोन्हींचा काडीचा संबंध नाही.

बरं, एकाच फेडरल कायद्याचा अर्थ सगळीकडे सारखा असतो असंही नाही. अठरा ते वीस वर्षांच्या मुलांना दुकानदाराने पिस्तूल विकू नये, या नियमाबद्दल फिफ्थ सर्किटने जानेवारी २०२५मध्ये म्हटलं, घटनाबाह्य. त्याच वर्षी जूनमध्ये व्हर्जिनिया ज्याखाली येतं त्या फोर्थ सर्किटने म्हटलं, घटनेला धरून आहे. त्यातच जून २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाने, वेगळ्याच प्रकरणात, बजावलं की न्यायाधीशांनी दिलेला मनाई हुकूम खटल्यातल्या पक्षकारांना दिलासा देण्यापुरता असावा, सरसकट सगळ्या देशाला नको. तेव्हा कोणी "कोर्टाने कायदा थांबवला" म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा: कोणासाठी?

आणि व्हिसावाल्यांसाठी? घटनेत शब्द आहे "लोकांचा हक्क". मग लोक म्हणजे कोण? हा प्रश्न मला स्वतःला फार आवडतो, आणि त्याचं उत्तर कोर्टांनाही एकमताने देता आलेलं नाही. शिकागोच्या सेव्हन्थ सर्किटने २०१५मध्ये म्हटलं की, इथे मुळं रुजलेला बेकायदा रहिवासीही "लोकां"त मोडतो. वाचून बरं वाटतं ना? पण त्याच निकालात पुढे म्हटलंय, तरीही त्याच्यावरची बंदी योग्यच. तुमच्या फिफ्थ सर्किटने तर २०११मध्येच सांगितलं की, बेकायदा राहणारे "लोकां"त येतच नाहीत, आणि रहीमीच्या निकालानंतर, २०२४मध्ये, पुन्हा तेच कायम केलं. तुम्ही बेकायदा नाही, तुमचा मुद्दा वेगळा आणि कदाचित जास्त जोरकस आहे. उद्या कोणीतरी तो मांडेलही. तो कोणीतरी तुझा नवरा असावा असं मला वाटत नाही. मुद्दा मांडायला बहुतेकांना आधी पकडलं जावं लागतं.

आता शिकारीचं लायसन्स. कायद्यात अपवाद आहे, खोटं नाही. अमेरिकेत रीतसर दिलेलं शिकारीचं लायसन्स जवळ असेल तर नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याला बंदूक बाळगता येते. हरीण मारलंच पाहिजे असंही कायदा म्हणत नाही. टेक्सासमध्ये ते काढणं अवघड नाही. २ सप्टेंबर १९७१ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, एवढंच. म्हणून ग्रुपवरचा तो गृहस्थ चूक नाही. पण तो तीन गोष्टी सांगायला विसरलाय.

पहिली तारखेची. टेक्सासचं वार्षिक लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, तू कधीही काढ. १ सप्टेंबरला सकाळी कपाटात पिस्तूल तेच, नवरा तोच, पण अपवाद गेला आणि पंधरा वर्षांचं कलम आलं. कारच्या इन्शुरन्सची तारीख तुम्हाला दर वेळी लक्षात राहते का, ते मनाशी खरं सांग.

दुसरी नोकरीची. अपवाद फक्त कायदेशीर व्हिसावर असलेल्यांना आहे. लेऑफ झाला, साठ दिवसांची मुदत उलटली, दुसरी नोकरी लागली नाही आणि स्टेटस, म्हणजे इथे राहण्याचा कायदेशीर दर्जा, गेलं, तर माणूस पहिल्या खोलीत जातो, बेकायदा राहणाऱ्यांच्या. तिथे शिकारीचं लायसन्स चालत नाही. डॅलसच्या आयटीवाल्यांना लेऑफबद्दल मी काय सांगावं!

तिसरी तुझी. लायसन्स नवऱ्याचं, अपवाद नवऱ्याला. तू एच-फोरवर, तुझ्यासाठी बंदी कायम. आणि फेडरल कायद्यात "जवळ बाळगणं" म्हणजे हातात धरणंच नव्हे. घरात तिजोरी आहे, तुला तिचा नंबर माहीत आहे, हवं तेव्हा उघडू शकतेस, तर ते तुझ्या ताब्यात आहे असं सरकारी वकील म्हणू शकतो. म्हणजे नंबर तुला ठाऊक नको. मग तो रात्री ऑफिसच्या कॉलवर अडकलेला किंवा परगावी गेलेला असताना, ज्या चोराच्या भीतीने हे आणायचं, त्याच्या वेळी ते तुझ्या काय कामाचं? सासूबाई बी-टूवर येणार, त्याही याच यादीत. एक पिस्तूल, आणि घरातल्या तीन मोठ्या माणसांपैकी दोघींनी त्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही.

रेंजचं ऐकून धक्का बसेल, पण सांगते. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक तासभर हातात धरणं हेही बाळगणंच. फ्लोरिडात एक परदेशी विद्यार्थी होता, रेहाईफ आडनावाचा. मार्क कमी पडले, कॉलेजने काढलं, कळवलं की आता तुझं स्टेटस जाईल. तो राहिला, आणि एक दिवस शूटिंग रेंजवर जाऊन आला. कोणावर रोखली नाही, चोरली नाही, नेम धरून गोळ्या झाडल्या आणि परत आला. अठरा महिन्यांची शिक्षा झाली. २०१९मध्ये सुप्रीम कोर्टाने सात-दोनने म्हटलं की, आपण बंदी असलेल्या वर्गात मोडतो हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं. चांगला निकाल आहे. तुझ्या नवऱ्याला मात्र आपण एच-वन-बीवर आहोत हे चांगलंच माहीत आहे, पासपोर्टवर शिक्का आहे. त्याच्या फेसबुकवर रेंजचे फोटो असतील, असतीलच, तर त्यांचं काय करायचं हे माझ्यासारख्या पेपरवालीला विचारू नकोस. ग्रीन कार्डचा फॉर्म भरायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला ती गोष्ट जशी घडली तशी सांगा. एका टीम आउटिंगसाठी कोणी दारात येणार नाही, घाबरून जाऊ नकोस. पण वकिलाला माहीत असलेली गोष्ट बरी.

भावोजींकडे येते, कारण सगळ्यात मोठा खड्डा तिथे आहे आणि तो प्रेमापोटी खणलेला आहे. ग्रीन कार्डवाल्याला बंदूक घेता येते, त्यांच्या स्वतःसाठी बेलाशक घेऊ देत. दुकानात त्यांच्यापुढे फॉर्म ४४७३ येईल. नाव, पत्ता, जन्मतारीख, नागरिकत्व कुठलं, एलियन नंबर काय, आणि हो-नाहीच्या प्रश्नांची रांग. त्यात अगदी वरच प्रश्न असतो: ही बंदूक खरोखर तुम्ही स्वतःसाठी घेताय का? ते तुमच्यासाठी घेत असतील तर "हो" म्हणणं म्हणजे सहीनिशी खोटं.

"पण घरच्याघरी आहे" असं म्हणशील. व्हर्जिनियात अब्राम्स्की नावाचा माजी पोलीस होता. त्याच्या काकाला ग्लॉक पिस्तूल हवं होतं आणि याला पोलिसांची सवलत मिळायची. काकाने चारशे डॉलरचा चेक पाठवला, चेकवर कशासाठी ते लिहायच्या ओळीत "ग्लॉक १९" असं स्वच्छ लिहून. याने फॉर्मवर "मीच घेतोय" म्हटलं. काका स्वतः बंदूक घ्यायला पूर्णपणे पात्र होता! तरीही २०१४मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच-चारने अब्राम्स्कीची शिक्षा कायम केली. तुमच्या बाबतीत तर घेणारा पात्रही नाही. भावोजी म्हणतील, मग भेट देतो. खरीखुरी भेट म्हणून बंदूक घेता येते, हे बरोबर, पण ज्याला बंदी आहे हे आपल्याला माहीत आहे अशा माणसाला ती देणं हा वेगळा गुन्हा, त्यालाही पंधरा वर्षं. आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या ग्रीन कार्डवाल्याला देशातून काढता येतं, तेव्हा भावोजींचीही वीस वर्षांची घडी विस्कटेल. फोनवर त्यांना कायदा समजावत बसू नकोस, मोठ्या दिरांना ते आवडत नाही. "तुमच्या ग्रीन कार्डाला धक्का लागेल म्हणून नको" एवढंच म्हण. ते स्वतः माघार घेतील.

तुझ्या भीतीला मी वेडगळ म्हणत नाही हे लक्षात ठेव. सोन्यासाठी आपली घरं हेरली जातात. ह्यूस्टनच्या एका बाईला २०१९मध्ये मिशिगनच्या फेडरल कोर्टाने सदतीस वर्षांची शिक्षा दिली. तिची टोळी टेक्सासपासून न्यू जर्सीपर्यंत आपल्यासारख्यांची घरं निवडून लुटायची, काही ठिकाणी मुलाबाळांदेखत. पण तुमच्या कॉलनीतले चोर घरात कोणी नसताना आले, असं तुझ्या पत्रावरून वाटतं. रिकाम्या घरात पिस्तूल ठेवलं तर ते चोरांना सोन्याबरोबर फुकट मिळतं. त्यांना हवं असलेलं सोनंच घरात नसावं. लग्नातला हार, तोडे, मुलीच्या बारशाच्या वाळ्या, सगळं बँकेच्या लॉकरमध्ये. त्याआधी प्रत्येक दागिन्याचा फोटो आणि पावती, कारण घराच्या साध्या इन्शुरन्समध्ये दागिन्यांची भरपाई फार थोडी मिळते, जास्त हवी तर वेगळी नोंद करावी लागते. एजंटला फोन करून तुमचा आकडा विचारून घे. दाराच्या चौकटीत लांब स्क्रू मारून घ्या, लाथेने दार पहिल्यांदा तिथेच सुटतं. अलार्म लावा. मागच्या अंगणाकडचं सरकतं दार अडवायला आत एक दांडा. नवऱ्याला हाताला काम हवंच आहे तर हे दे.

राहता राहिल्या सासूबाई. लॉकर घे म्हटलं तर त्या म्हणतील, लक्ष्मीपूजनाला पाटावर काय मांडायचं, बँकेची किल्ली? तेव्हा आदल्या दिवशी दोघी मिळून बँकेत जा, त्यांच्या पाटल्या आणि तुझा हार घेऊन या, पूजा करा, आणि नंतर बँक उघडेल त्या पहिल्या सकाळी परत ठेवून या. फोटो ग्रुपवर टाकायचे असतील तर ते परत ठेवल्यावर टाका.